चाकावरची दोन बोटं जागा

ओल्या सोयाबीनच्या काडाचा वास आला की आमच्या गावाला दसरा-दिवाळी दिसायला लागते. मी मात्र आभाळाकडं बघायला लागते. यंदाही तसंच झालं. परवा सकाळी शेजारच्या विष्णुभाऊंच्या वावरात हडंबा सुरू झाला. हडंबा म्हणजे आमच्याकडचं मळणीचं यंत्र. त्याची ती घरघर, उडणारा पिवळा धुरळा, ‘ताडपत्री कुठं ठेवली वं?’ म्हणून चाललेली बायकांची ओरड, आणि वर ढग. मी शाळेला निघाले होते, डबा हातात, उशीर झालेला. तरी थांबले आणि शेडमधल्या गाडीच्या मागच्या चाकाकडं बघितलं. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये जागा किती आहे, ते. काही कारण नव्हतं. गाडीला कुठं जायचं नव्हतं, गाडीत कुणाला बसायचं नव्हतं. पण बघितलं.

डोकं म्हणतं, झालं ते सगळं, संपलं. पोट म्हणतं, थांब, आज शुक्रवार तर नाही ना? वर्गात मुलांना मी खणखणीत आवाजात कविता शिकवते आणि खिडकीतून ढग कुठवर आले ते बघत राहते. मुलांना वाटतं, बाईंना निसर्गाची आवड आहे. कसली आवड! मला या दिवसांतलं आभाळ बघवत नाही.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. आजच्या पोरांना नाव सांगितलं तर ती तोंडाकडं बघतात. लांबलचक नाक, रुंद छाती, पुढं वजनदार इंजिन आणि ओढ सगळी मागच्या चाकांना. आमचे हे ट्रॉल्या बनवतात. कुंभार पिंपळगावात रस्त्याला लागून त्यांचं वर्कशॉप, आणि घर गावाबाहेर, शेतातल्या वस्तीवर. लोखंड आणायला जालन्याच्या एमआयडीसीत त्यांची नेहमीची फेरी असते. तिथं भट्टीत वितळवायला कुठून कुठून भंगार येतं. एकदा अँगल-चॅनल आणायला गेले आणि ट्रॉलीवर ही गाडी लादून आले. काचा फुटलेल्या, दारं दोरीनं बांधलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार.

“तुम्ही लोखंड आणायला गेल्ते ना?” मी विचारलं.

“हे काय मंग? लोखंडच हाये.”

अशा माणसापुढं कुणी काय बोलावं! दोन वर्षं ते त्या लोखंडात होते. ट्रॉल्यांचं काम संपलं की गाडीखाली. जेवायला हाक मारली की गाडीखालून नुसते पाय हलायचे. शेवटी ती उभी राहिली, रंगली. रंग कोणता, तर वांग्याचा. मी म्हटलं, आता वर हिरवं देठ तेवढं लावा. ते हसले नाहीत. गाडीच्या बाबतीत आमच्या ह्यांना चेष्टा चालायची नाही.

आणि मग ती खाली करण्याचं खूळ डोक्यात शिरलं. मोबाइलवर कुठल्या कुठल्या परदेशी गाड्या बघायचे, जमिनीला पोट टेकवून चाललेल्या. ‘गाडीनं कसं जमिनीला धरून बसाया पाह्यजे.’ आता मागची बाजू खाली कशी करतात, ते मला घरबसल्या पाठ झालं. मागच्या एक्सलला दोन्हीकडं पाटे असतात, ट्रॉलीखाली असतात तसेच, एकावर एक रचलेले पोलादाचे वाकडे पट्टे. गाडीची सगळी उसळी तेच झेलतात. ह्यांनी दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढून टाकले. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडाचे जाड ठोकळे घातले. गाडी बसली. इतकी बसली की मागच्या चाकावर पत्र्याखाली उरली ती जेमतेम दोन बोटं जागा.

“बघ, वाघ बसल्यावानी दिसून राह्यली.”

“वाघ कुठला? म्हैस बसलीय डबक्यात.”

काढलेले पाटे शेडच्या कडेला पडून होते. ते पडू देतील तर त्या माझ्या सासूबाई कसल्या! आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. पाट्याच्या पोलादाचा विळा म्हणजे आमच्याकडच्या बायकांना केवढं अप्रूप. एकदा धार लावली की हंगाम जातो. आत्याबाईंनी पाटे उचलले, लोहाराकडं दिले, त्याचे विळे करून आणले आणि वस्तीवरच्या बायकांना वाटून टाकले. ह्यांना पत्ता नाही. कळलं तेव्हा म्हणाले, “असू दे, मला काय कराचे ते?” तो उन्हाळा होता. रस्ते कोरडे खडखडीत होते, आणि त्या पाट्यांची कुणाला पुन्हा गरज पडेल असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आत्याबाईंचे पाय सुजले. चपला होईनात, मग जोडवी काढावी लागली, मग चेहराही सुजला. डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी जालन्याला डायलिसिस. चुकवायचं नाही. शरीरातलं पाणी बाहेर पडायला दुसरा रस्ता राहिलेला नाही, ते साठत जाणार आणि शेवटी छातीत भरणार, एवढं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात आठवड्याचे वार दोनच उरले. बाकीचे दिवस त्या दोघांच्या मधली वाट होती.

पहिल्यांदा आम्ही त्यांना जीपमधून नेलं. जीपची पायरी गुडघ्याच्या वर. दोघांनी बगलेत धरलं, मी मागून रेटलं, आणि त्या माउलीनं ओठ दाबून धरले ते जालना येईपर्यंत सोडले नाहीत. दुसऱ्या खेपेला ह्यांनी कॉन्टेसा काढली. दार उघडलं. आत्याबाई वळल्या, नुसत्या टेकल्या, आणि बसल्या! पाय आपले आपण आत घेतले. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ना, ते मी किती तरी दिवसांनी बघत होते.

“अगं सुनंदा, याच्यात चढावंच लागत न्हाई! ओट्यावर टेकल्यावानी हाये बघ. भास्कर, लय बेस केली रं गाडी.”

सगळ्या पंचक्रोशीनं नावं ठेवलेल्या त्या गाडीला असा एक कौल मिळाला. हे नुसते स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी माझी जीभ मीच दाबून धरली, असं क्वचित घडतं.

तेव्हापासून ते बोटांचं सुरू झालं. आत्याबाई बसल्या की हे मागच्या चाकाशी वाकायचे आणि चाकावरच्या फटीत बोटं घालून बघायचे. जाताना गाडी जास्त दबते, येताना कमी, असं त्यांचं म्हणणं. डायलिसिसच्या आधी आणि नंतर तिथल्या सिस्टर वजन करायच्या. दोन-तीन किलोंचा फरक. “तेवढ्यानं कुठं गाडी दबते? काहीतरीच!” मी म्हणायची. “मला समजतं बराबर,” एवढंच उत्तर. आत्याबाई आतून विचारायच्या, “काय म्हणते रं गाडी?” हे म्हणायचे, “आज पाणी जास्त पेलीस तू.” मग त्या खिडकीतून दुसरीकडं बघायच्या, कारण पाणी खरंच जास्त प्यायलेलं असायचं. पाणी मोजून प्यायचं होतं ना त्यांना. उन्हाळ्यात, आमच्या मराठवाड्यात, पाणी मोजून! त्यांच्यासमोर तांब्या तोंडाला लावताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन प्यायची.

पावसाळ्याचे पहिले महिने तसे सरले. पाऊस भुरभुर पडायचा, उघडायचा, पांदण, म्हणजे आमची शेतातली कच्ची वाट, वाळायची. खरा घोर लागला तो परतीच्या पावसाचा. सोयाबीन पिवळं पडलं, शेंगा वाजायला लागल्या, आणि दुपारनंतर रोज आभाळ भरून यायला लागलं. काळ्या मातीचं कसं असतं, वाळली की दगड आणि भिजली की लोणी. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची आमची पांदण म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे मातीचा उंच वरंबा. इतर गाड्या त्याच्यावरून जायच्या. आमची गाडी त्याच्यावर पोट घासत जायची. खालून खरवडल्याचा आवाज आला की आत्याबाई डोळे मिटून घ्यायच्या. त्यांच्या डाव्या हातावर सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जागा केलेली होती. तिला धक्का लागायला नको म्हणून त्या हाताखाली टॉवेलची घडी धरायच्या, आणि टॉवेलखाली मी माझा हात.

मागच्या सीटवर बसून मी जे शास्त्र शिकले, ते मला कुणी शिकवलं नाही, माझ्या पाठीच्या मणक्यांनी शिकवलं. बैलगाडी भरणाऱ्याला ठाऊक असतं, माल पुढं जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि मागं जास्त झाला की उलाळ. कॉन्टेसा जन्मानंच धुरजड. ओढ मागच्या चाकांना आणि वजन पुढं. म्हणून गाडी निघते तेव्हा ती मागं दबावी लागते. मागून खाली बसली की वजन चाकांवर येतं, चाक जमीन दाबून धरतं, मग गाडी हलते. खड्डा आला तरी तसंच. चाकाला वर-खाली व्हायला जागा लागते, म्हणजे ते जमीन सोडत नाही. आमच्या ह्यांनी ती जागाच काढून घेतली होती. गाडी आधीच तळाला टेकलेली. खड्डा आला की एक्सल थेट वरच्या रबरावर आदळायचा, धाडकन्, आणि चाक जमिनीवरून उडायचं. आणि चिखलातून निघताना ते ठोकळे घातलेलं धूड जागच्या जागी पिळवटायचं, मागची चाकं थयथय नाचायची. जमिनीला धरून बसावी म्हणून खाली केलेली गाडी जमीन धरेनाशी झाली होती.

एका शुक्रवारी अंबडच्या पुढं एका छोट्या पुलाच्या वळणावर ते दिसलंच. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकलेला, वरून भुरभुर. पुलाच्या तोंडाशी डांबराचा एक उंचवटा होता. गाडी त्याच्यावर चढली, आदळली, आणि मागची बाजू आमच्यासकट बाजूला निघाली. समोरून सळयांचा ट्रक. सळयांची टोकं, त्यांना बांधलेलं लाल फडकं, ते फडकं मला आजही दिसतं. मी आत्याबाईंवर आडवी पडले. हे स्टिअरिंग एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवत होते. ट्रक हॉर्न दाबून धरत निघून गेला. गाडी रस्त्यात वाकडी उभी राहिली. मग आत्याबाईच म्हणाल्या, “भास्कर, पुढं बघ. चल जल्दी, नंबर जाईल.”

जालन्याला त्यांना आत नेल्यावर मी बाहेर आले तर हे चाकाशी बसलेले. “टायर घासले,” म्हणाले.

मग मात्र माझा तोल गेला. “टायरला कशाला बोल लावता? मागून ही गाडी आदळते, उडते, मी बसते ना रोज! ते ठोकळे काढा. उचला गाडी. तुमच्या हौसेपायी माणूस जाईल एखाद्या दिवशी!” आवारातली माणसं बघायला लागली. बघू देत, मला काय.

हे शांतपणे म्हणाले, “उचलली तर आई चढंल का?”

तिढा तिथंच होता. ज्या खाली केलेल्या गाडीत आत्याबाई बसू शकत होत्या, ती गाडी त्यांना सुखरूप पोचवेल याचा भरवसा नव्हता. आणि जी गाडी पोचवली असती, तिच्यात त्यांना चढता येत नव्हतं. मी चुलीपाशी, फळ्यापाशी, अंथरुणात, त्याच एका गाठीभोवती फिरत राहायची. हेही फिरत असणार. दोघंही ढगांकडं बघायचो.

आणि मग तो आठवडा आला. सोमवारी दुपारी धरलेला पाऊस मंगळवारी सकाळी जालन्याच्या वाटेवरच्या नाल्यावरून पाणी घेऊन गेला. रस्ता बंद. मंगळवार चुकला. बुधवारी आत्याबाईंचे डोळे सुजून बारीक झाले. गुरुवारी त्यांना आडवं होता येईना, पडलं की दम कोंडायचा. उशांच्या ढिगाला टेकून बसून राहिल्या. शुक्रवारी उघडलं. नाला उतरला. दवाखान्यात फोन केला तर तिकडून म्हणाले, ताबडतोब आणा. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन संभाजीनगरला गेलेली. विष्णुभाऊंचा ट्रॅक्टर त्यांच्याच वावरात हडंब्यासकट रुतलेला. जीपवाले एकही फोन उचलेनात. राहिली आमची वांगी कॉन्टेसा.

आम्ही त्यांना बसवलं. अंगण सोडलं, पांदणीला लागलो, आणि पहिल्याच चिखलात मागची चाकं फिरायला लागली. गाडी हलेना. चाक फिरतंय, चिखल उडतोय, इंजिन बोंबलतंय, आणि माझ्या खांद्यावर आत्याबाईंचा श्वास. पाण्यात फुंकल्यासारखा आवाज येत होता छातीतून. आम्ही त्यांना उतरवलं, खुर्चीत घालून बांधावरच्या लिंबाखाली बसवलं.

सोयाबीन काढणाऱ्या बायका वावरातून धावत आल्या, विष्णुभाऊ आले. आणि सगळे एकाच सुरात ओरडले, “मागं वजन टाका!” आमच्याकडं जन्मल्या पोराला हे माहीत असतं. ट्रॅक्टरचं चाक फिरायला लागलं की माणसं मागं लोंबकळतात. ट्रॉली-ट्रॅक्टरच्या धंद्यात जन्म गेलेल्या आमच्या ह्यांनीही तेच केलं. डिक्की उघडली, ओसरीतली सोयाबीनची पोती आणून टाकली. वर दोन बायका बसल्या.

आणि झालं उलटंच. मागची बाजू बदकन् खाली गेली. ती दोन बोटं जागा होती तीही संपली, पत्रा चाकावर टेकला, पोट वरंब्यावर बसलं. गाडीचं वजन आता चाकांवर नव्हतंच, मातीवर होतं. ह्यांनी रेस दिली तर रबर जळाल्याचा वास आला आणि चाक तेवढं खड्डा खणत राहिलं. “अजून एक पोतं आणा,” कुणीतरी म्हणालं.

“काढा ती पोती!” मी किंचाळले. “काढा आधी! उतरा गं तुम्ही! वजनानं न्हाई निघायची ती, तिला पाय न्हाईत उभं राह्यला!”

हे गाडीखाली वाकून बघत होते. उठले तेव्हा तोंड चिखलानं माखलेलं, आणि त्यातून डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी एकदा आईकडं बघितलं. मग म्हणाले, “सुनंदा, घरातले पाट आण. जेवायचे. आन् माझी पान्यांची पेटी.”

जॅक चिखलात रुतू नये म्हणून त्याच्याखाली जेवायचे पाट. गाडी इंच इंच वर. हे पाठीवर झोपून आत सरकले आणि ज्या ठोकळ्यांसाठी एवढा आटापिटा केला होता, ते काढायला लागले. खालून ओरडले, “ते पाटे कुठं हायेत? मागं काढलेले?”

बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. त्यांच्या हातात विळे होते. तेच ते पाटे होते. एरवी यावर आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी एका बाईनं आपला विळा हळूच पदराआड घेतला, जणू तिनंच चोरला होता.

“पाटे न्हाईत,” मी म्हटलं. “ठोकळेच काढा. तेवढ्यानं होईल.” होईल की नाही, मला काय माहीत! पण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बोल्ट चिखलानं गच्च झालेले. पाना निसटायचा, बोटं फुटायची, खालून शिवी यायची. मी खुर्चीपाशी उभी, आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवून. हाताला त्यांचा श्वास कळत होता, प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा आखूड. देवा, एवढ्यात नको, एवढ्यात नको, एवढंच मी म्हणत होते. आत्याबाईंनी मला खाली वाकायला लावलं. शब्द तुटत होते. “त्याला म्हन... घाई नको करू. नीट आवळ... न्हाई तर वाटंत सुटंल.” आपला जीव कोंडलाय आणि ही बाई पोराला नीट काम कर म्हणून सांगते आहे. मी ते तसंच ओरडून सांगितलं. गाडीखाली पाना आता सावकाश फिरायला लागला.

तोवर बायकांनी न सांगता एक केलं. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर उभी होती, फुलावर आलेली. त्यांनी त्या विळ्यांनी बांधाकडेची तूर सपासप कापली आणि चाकांपुढं अंथरली, चाकोऱ्यांमधून पार डांबरापर्यंत. तूर माझी, मी लावलेली. कुणी मला विचारलं नाही आणि मीही हूं की चूं केलं नाही.

दुसरा ठोकळा निघाला. ठोकळे गेल्यामुळं लांब झालेल्या बोल्टवर जास्तीचे नट-वायसर चढवून ह्यांनी सगळं आवळलं. जॅक उतरवला. गाडी उभी राहिली. खरोखर उभी राहिली. चाकावर चांगली मूठभर जागा. हे आईपाशी आले, चिखलानं लडबडलेले, आणि तिच्या गुडघ्यांखाली एक हात आणि पाठीमागं एक हात घालून तिला उचललं.

“अरं, लुगड्याला... चिखल लागंल,” आत्याबाई म्हणाल्या. आणि दाराशी आल्यावर, “एवढी उंच काहून केली रं?”

ह्यांनी तिला सीटवर ठेवलं, टॉवेलची घडी हाताखाली दिली. गाडी चालू केली, हलका पाय दिला. मागची बाजू थोडी दबली, चाकांनी तूर दाबली, आणि गाडी निघाली. मागं बायका ओरडत होत्या, काय ते ऐकू आलं नाही. अंबडच्या पुढच्या त्या पुलावर गाडी चढली, दबली, उतरली. आदळली नाही. मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

जालन्याला सिस्टर आमच्यावर कडाडल्या. इतकं पाणी अंगात साठवून आणतात का माणूस? आम्ही दोघं चिखलाचे पुतळे मान खाली घालून उभे. तासाभरानं आत डोकावले तर आत्याबाई टेकून बसल्या होत्या, ओठांचा रंग परत आलेला. मला बोटानं खुणावून जवळ बोलावलं. “पोती भिजली का गं?”

त्या वाचल्या. तो हंगाम निघाला, त्यानंतरचा हिवाळा, उन्हाळा निघाला. गाडी ह्यांनी पुन्हा खाली केली नाही. आत्याबाईंना दर खेपेला उचलून बसवायचं, उचलून उतरवायचं. सुरुवातीला त्या लाजायच्या, कुणी बघतंय का बघायच्या. मग सवय झाली. “मला लेकरू करून टाकलं यानं,” म्हणायच्या, आणि ह्यांच्या गळ्यात हात टाकायच्या. बोटांचं चालूच होतं. फक्त आता जागा जास्त होती, आणि महिन्यामागून महिना ती वाढत चालली होती. मी बघायची, पण आता मी ‘काहीतरीच’ म्हणत नव्हते. उचलताना ह्यांचा श्वास आधी फुलायचा, नंतर नंतर फुलेनासा झाला.

आता आमची पांदण मुरमाची झाली आहे. वर्कशॉपवर येणारी पोरं ह्यांना म्हणतात, दादा, गाडी मागून खाली करा की, भारी दिसंल. हे म्हणतात, “दिसंल.” आणि आपल्या कामाला लागतात. मी मात्र या दिवसांत कुठल्याही गाडीत बसले की मागच्या चाकाचा आवाज ऐकते. शाळेच्या सहलीची बस खड्ड्यातून गेली तरी माझा हात आपोआप शेजारच्या मुलाच्या हाताखाली जातो. पोरं बिचकतात.

मागच्या वर्षी याच दिवसांत आत्याबाई गेल्या. रस्त्यात नाही, चिखलात नाही. सोयाबीन घरात आलं होतं, ऊन पडलं होतं, आम्ही वेळेवर पोचलो होतो. डायलिसिस चालू असताना त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. दुपारी दवाखान्यातले कागद आटोपले. शववाहिका पुढं निघाली, तिच्यात फोन केल्यावर गावाहून आलेले विष्णुभाऊ बसले. ह्यांना सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही आईजवळ बसा, गाडी कुणीतरी आणंल. हे म्हणाले, आईची गाडी मीच नेणार.

आवारात गाडी उन्हात उभी होती. हे सवयीनं मागच्या चाकाशी वाकले, फटीत बोटं घातली, आणि तसेच वाकलेले राहिले. मी बघायचं टाळलं. मी पुढचं दार उघडलं. त्या रस्त्यानं इतक्या खेपा केल्या, पण पुढच्या सीटवर मी कधी बसले नव्हते.

“सुनंदा,” मागून आवाज आला. “मागं बस तू.”

“काहून?”

“गाडी मागून हलकी लागून राह्यली.”

मी पुढचं दार लावलं आणि मागं जाऊन बसले, आत्याबाईंच्या जागेवर. टॉवेलची घडी तिथंच होती. मी बसल्यावर गाडी थोडी खाली बसली. तेव्हा कुठं त्यांनी ती चालू केली.